शिमग्यानंतरचे करकोचे

१

मंगलचं काम साधं होतं. रोज सकाळी सातला धरणाच्या पाण्यापर्यंत उतरायचं, उतारावर ओळीने रोवलेल्या रंगीत पट्ट्यांपैकी जिला पाणी टेकलंय तिच्यावरचा आकडा वाचायचा, मोबाईलवर फोटो काढून पाटबंधारे खात्याच्या साहेबांना पाठवायचा आणि घरी येऊन भाकरी टाकायच्या. बारावी झालेली वाडीत ती एकटीच सून, म्हणून काम तिला मिळालं होतं.

वेल्ह्याच्या खोऱ्यातलं हे धरण काही फार मोठं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी जुनी वाडी त्याच्या पाण्याखाली गेली आणि माणसं वर चढावर पत्र्याच्या घरांत राहायला आली. मंगल लग्न होऊन भोंगवलीहून आली ती या वरच्या वाडीत. खाली पाण्यात घरं आहेत हे तिने ऐकलं होतं. पण कितीही कडक उन्हाळा पडला तरी पाणी तिथवर कधी उतरलं नव्हतं. यंदा ते उतरणार होतं. दरवाज्याची दुरुस्ती निघाली होती आणि फाल्गुनापासूनच पाणी खाली सोडायला सुरुवात झाली होती.

करकोचे दिवाळीनंतर यायचे. पाणी मागे सरलं की उघड्या गाळात वाडीची माणसं हरभरा पेरायची, आणि त्या हरभऱ्यावर हे उतरायचे. कमरेला लागतील एवढे उंच, राखाडी अंगाचे, गळ्याखाली काळी पिसं लोंबणारे, तांबड्या डोळ्यामागे पांढरा तुरा. सकाळी रानात, दुपारी पाण्यात, आणि जिथे असतील तिथे नुसता गलका. बाया डबे बडवून त्यांना उठवायच्या, ते शंभर पावलांवर जाऊन पुन्हा बसायचे. शिमग्याच्या सुमाराला एखाद्या दुपारी ऊन चांगलं तापलं की गोल गोल घिरट्या घेत वर चढायचे, ठिपके व्हायचे आणि उत्तरेला निघून जायचे. वाडीला हायसं वाटायचं.

यंदा शिमगा झाला, पाडवा झाला, हरभरा घरात येऊन पडला. करकोचे तिथेच होते.

मंगलने पहिले काही दिवस ते मनावर घेतलं नाही. पाखरांना कसली तिथी, असं ती म्हणाली. मग एका सकाळी पट्टीचा फोटो काढताना मोबाईलचा खटका तिला फार मोठ्याने ऐकू आला. एवढा मोठा का वाटला म्हणून तिने मान वर केली. समोर दोन-तीनशे पाखरं गुडघाभर पाण्यात उभी होती आणि कसलाही आवाज नव्हता. पंख झटकल्याचासुद्धा नाही.

तिने आठवून पाहिलं. पंधरा दिवस तरी तिने त्यांचं ओरडणं ऐकलं नव्हतं.

२

भोरचे लियाकत सर शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात पाखरं मोजायला यायचे. मंगलकडे त्यांचा नंबर होता.

"सर, करकोचे अजून गेले न्हाईत."

"बगळे असतील, मंगलताई. करकोचे एव्हाना हिमालय ओलांडून पार पलीकडे पोचले असतील."

"धा वर्सं बघतीया सर. बगळा वळखता येतो मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्कूटरवर आले. तीन पायांवर दुर्बीण उभी केली, डोळा लावला आणि तासभर काढला नाही. मग खाली वाकून मूठभर माती उचलली आणि हवेत सोडली. माती पूर्वेकडे उडाली.

"वारा मावळतीकडून आहे," ते म्हणाले. "आता बघा. पाखरू नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभं राहतं. पाठीमागून वारा घेतला तर पिसं उलटी होतात, अंग उघडं पडतं. हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही."

मंगलने दुर्बिणीतून पाहिलं. मावळतीच्या अंगाला उभ्या असलेल्या पाखरांच्या पाठीवरची पिसं वाऱ्याने उभी राहिली होती. खालचं पांढरट कातडं दिसत होतं. ती पाखरं हलत नव्हती.

"मग ही कुणीकडं तोंड करून हुभी हायती?"

"एकमेकांकडे," सर म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "नाही, एकमेकांकडे नाही. मधल्या पाण्याकडे."

ती पाखरं रिंगण करून उभी होती. लांबट, एका बाजूला थोडं दबलेलं रिंगण. मध्ये नुसतं पाणी होतं, हिरवट आणि सपाट.

"एका पायावर उभं राहणं ही यांची सवयच आहे," सर पुढे म्हणाले. ते बोलत मंगलशी होते, पण समजावत स्वतःलाच असावेत. "पण कुणी डावा वर घेतो, कुणी उजवा. दमला की बदलतो. इथे सगळ्यांनी उजवाच वर घेतलाय. मी तासभर बघतोय. एकानेही बदललेला नाही."

"आजारी असतील का?"

"असतील." त्यांनी तो शब्द लगेच धरला. "आजारीच असतील. मी वनखात्याला कळवतो. तुम्ही तेवढं जवळ जाऊ नका."

निघताना त्यांनी स्कूटर चालू केली, बंद केली. "खातात काय हे?" त्यांनी विचारलं.

"काय खात न्हाईत सर. हितनं हालतच न्हाईत."

३

घरात मंगल आणि तिची सासू सगुणाबाई अशा दोघीच होत्या. नवरा बंडू पुण्याला मार्केट यार्डात टेम्पो चालवायचा आणि दोन आठवड्यांतून एकदा यायचा.

सगुणाबाईचं आणि मंगलचं जमत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. मंगलच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिचे वडील भोंगवलीला अत्यवस्थ झाले. निरोपाचा फोन सगुणाबाईने घेतला. भाताची लावणी चालू होती. सगुणाबाईने निरोप तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितला, शेवटचा वाफा लावून झाल्यावर. मंगल पोचली तेव्हा राख सावडून झाली होती. "गेलेलं माणूस कुठं पळून जातंय?" एवढंच सगुणाबाई म्हणाली होती. त्यानंतर मंगल तिला आत्या म्हणायची, वेळेवर वाढायची, औषध द्यायची, आणि त्यापलीकडे एक शब्द बोलायची नाही.

सगुणाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. मोरीपर्यंत जायलासुद्धा ती भिंत चाचपायची. धरणाकडचं मागचं दार तिने कधी उघडू दिलं नाही. वारा लागतो म्हणायची. दहा वर्षांत तिने पाण्याबद्दल चकार शब्द काढलेला मंगलने ऐकला नव्हता.

सर येऊन गेले त्या दिवशी दिवेलागणीला भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "पानी कुठवर आलं गं?"

मंगल थबकली. "सहाव्या पट्टीखाली."

"आकडं नगं सांगू. चिंचंचा बुंधा उघडा पडला का?"

मंगलने दुसऱ्या दिवशी पाहिलं. काळा, कुजलेला एक बुंधा गाळातून वर आला होता. "पडला," तिने येऊन सांगितलं.

सगुणाबाईने मान हलवली.

चार दिवसांनी पुन्हा विचारलं. "मारुतीचा पार?"

देव तर वरच्या वाडीत आणला होता. पण दगडी पार खाली राहिला होता, आणि तो त्याच सकाळी पाण्याबाहेर आला होता. मंगलने सांगितलं तेव्हा म्हातारीने ताटातला घास खाली ठेवला.

मग आड. आडाचं गोल तोंड उघडं पडलं तेव्हा ते गाळाने काठोकाठ भरलेलं होतं. मंगल तिथे उभी राहिली आणि तिच्या ध्यानात आलं की चिंच, पार आणि आड एका ओळीत आहेत. ही वाट होती. म्हातारी आंधळ्या डोळ्यांनी रोज या वाटेने थोडी थोडी खाली उतरत होती. आडापासून पुढे वाट जिथे जाईल असं वाटत होतं तिथे अजून पाणी होतं, आणि त्या पाण्याभोवती करकोचे उभे होते.

पाणी उतरलं तसं रिंगण लहान झालं नव्हतं. ते पहिल्या दिवसापासून तेवढंच होतं. पाणीच त्याच्याकडे सरकत होतं.

त्या दुपारी मंगलला काय झालं कोण जाणे. तिने गाळातला मुठीएवढा धोंडा उचलला आणि सगळ्या ताकदीने पाखरांवर भिरकावला. धोंडा एकाच्या पाठीवर बसला. थप् असा आवाज झाला, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. ते पाखरू पडलं नाही, उडालं नाही. त्याने फक्त मान वळवली आणि मंगलकडे पाहिलं. बाकी कुणीही पाहिलं नाही. त्या एकट्याने ती चढाच्या वर पोचेपर्यंत मान वळवलेलीच ठेवली.

४

सगुणाबाईने जेवण टाकलं. सकाळपासून मागच्या दाराला पाठ लावून बसून राहायची. पत्रा तापायचा, कडकड वाजायचा, आणि प्रत्येक आवाजाला ती मान तिरकी करून ऐकायची.

"आत्या, खाली काय हाय?" मंगलने विचारलं. दहा वर्षांत पहिल्यांदा ती तिच्यासमोर बसली.

"आपलं घर."

"ते ठावं हाय. घरात काय हाय?"

म्हातारी बोलली ती घासाघासाने, भाकरी मोडावी तशी.

"पानी येनार म्हनून सांगून ग्येलं हुतं. शेवटचा हरबरा. बंडू रांगत हुता. ही पाखरं हरबऱ्यावर तुटून पडायची. म्या एक धरलं. फासात. म्हनलं एकाला बांधलं की बाकीची भ्येतील. मागल्या खोलीत खुंट्याला बांधलं, वासराच्या दाव्यानं."

"मग?"

"भ्याली न्हाईत. घराभवती हुभी ऱ्हायली. ओरडत. आठ दिस. रातंदिस ओरडत. मग टरक आला, सामान भरलं, धरनाची दारं लावली, खाली वड्यातनं पानी चढाया लागलं. बंडूचा बा म्हनला, ते पाखरू सोडलंस का? म्या म्हनलं सोडलं."

मंगलला पुढचं कळलं होतं. तरी तिने विचारलं, "सोडलं नव्हतं?"

"न्हाई."

"इसरला असाल."

"इसरले न्हाई." सगुणाबाईचा आवाज कोरडा होता. "दारात हुभी हुती म्या. दावं हाताच्या अंतरावर. आमचं घर बुडनार, जमीन बुडनार, खळं बुडनार, आन् हे उडून जानार व्हय? पुढच्या सालाला दुसऱ्याच्या हरबऱ्यावर बसनार? म्हनलं, ऱ्हा हितंच. तूबी ऱ्हा."

पत्रा कडाडला. म्हातारीने मान तिरकी केली.

"आन् त्येनं माझ्याकडं बघितलं," ती म्हणाली. "एकदाच बघितलं. मग दुसरीकडं मान क्येली. जनू म्या नव्हतेच तिथं."

मंगल उठली आणि चुलीपाशी जाऊन बसली. एक पाखरू बुडालं तीस वर्षांपूर्वी. पाखरं पंधरा-वीस वर्षं जगत असतील. आता बाहेर उभी असलेली पाखरं तेव्हाची नव्हेत, असूच शकत नाहीत. हे सगळं ती स्वतःला नीट समजावून सांगू शकत होती. मग ती तिथे का उभी आहेत, एवढंच तिला सांगता येत नव्हतं.

५

अक्षय तृतीयेच्या आधी चार दिवस घराचं जोतं उघडं पडलं. घडीव दगडाच्या दोन थरांचं, लांबट, एका बाजूला ढासळलेलं. रिंगण बरोबर त्याच आकाराचं होतं. भोवतालचा गाळ उन्हाने तडकून कौलांसारखा झाला. पाणी आता पार खाली, वळणापलीकडे गेलं होतं. पाण्यातलं पाखरू पाण्यामागे जातं. हे कोरड्यात उभे राहिले.

लियाकत सर पुन्हा आले. खात्याने काय कळवलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मंगलने विचारलं नाही. त्यांनी आडापाशी दुर्बीण लावली. पाहता पाहता त्यांनी एकदा डोळा काढला, रुमालाने काच पुसली, पुन्हा पाहिलं. मग शांतपणे दुर्बिणीचे पाय मिटायला लागले. एक पाय मिटेना.

"सर?"

"तुमच्या सासूबाई कुठल्या घरातल्या, ताई? खालच्या?"

"त्येच घर. समोर हाय ते."

"त्यांना आजच्या आज इथून हलवा. पुण्याला न्या, भोरला माझ्याकडे आणा, कुठेही."

"काय दिसलं?"

ते मघापासून तिच्याकडे बघायचं टाळत होते. आता त्यांनी पाहिलं.

"आत, जोत्यावर, आणखी एक आहे," ते म्हणाले. "मला वाटलं उन्हाची झळझळ असेल. पाणी उतरून चार दिवस झाले ना? दगड तापलेत. गाळाला भेगा पडल्यात." त्यांनी जोत्याकडे पाठ केली. "तो ओला आहे. त्याच्या अंगातून पाणी गळतंय. थांबत नाही."

मंगलने दुर्बिणीकडे हात केला. सरांनी ती पिशवीत घातली आणि पिशवीचा बंद ओढला.

६

बंडूला फोन केला. "आत्यास्नी बरं न्हाई, घेऊन जावा," एवढंच मंगल बोलली. दुसऱ्या दिवशी तीन वाजेपर्यंत टेम्पो घेऊन पोचतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला ऊन डोक्यावर होतं. मंगलने सगुणाबाईला पुढच्या पडवीत खाटेवर बसवलं आणि तिची दोन लुगडी, औषधं, घोंगडी पिशवीत भरायला आत गेली. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. बाहेर आली तर खाट रिकामी. वळचणीला खोचलेला विळा नव्हता. मागचं दार सताड उघडं होतं.

उंबऱ्यातून तिला म्हातारी दिसली. खाली, चिंचेच्या बुंध्यापाशी पोचलेली. भिंत चाचपल्याशिवाय मोरीला जाऊ न शकणारी बाई ताठ चालत होती, ढेकळं टाळून, पाऊल न चुकता. पाराला तिने उजवीकडून वळसा घातला. आडापाशी क्षणभर थांबली. रोज पाणी भरणारी बाई थांबते तशी.

"आत्या!" मंगल ओरडली आणि पळत सुटली.

"आलेच सोडून," सगुणाबाईचा आवाज आला. तिने मागे पाहिलं नाही. "एकदाचं सोडून येते."

रिंगण तिच्यासाठी उघडलं. दोन पाखरं एका पायावर उडी मारून बाजूला झाली, लग्नघरात वडीलधाऱ्याला वाट द्यावी तशी, आणि ती आत जाताच पुन्हा जागेवर आली. मंगल धावत येऊन त्यांच्यावर आदळली. पिसांखालचं अंग हंड्यासारखं घट्ट आणि गार होतं. ती ढकलत राहिली, पाखरं हलली नाहीत. मग समोरच्या तीन पाखरांनी माना खाली केल्या आणि चोची तिच्या पोटाला लावल्या. टोचल्या नाहीत, नुसत्या टेकवल्या. तिने अर्धं पाऊल पुढे टाकलं तेव्हा त्या तेवढ्याच आत शिरल्या. साडीवर रक्ताचे तीन ठिपके उमटले. तिने पाऊल मागे घेतलं.

पाखरांच्या माथ्यावरून तिला जोतं दिसत होतं. सगुणाबाई दगडावर उकिडवी बसली होती. तिच्यासमोर जे उभं होतं ते आकाराने करकोच्यासारखं होतं, एवढंच मंगल शपथेवर सांगू शकली असती. ते काळपट होतं आणि त्याच्यावरून पाणी ओघळत होतं, वरून कुणी ओतत असल्यासारखं. म्हातारी त्याच्याशी बोलत होती. नव्याने व्यायलेल्या गाईशी बोलावं तशा मऊ आवाजात. सुनेशी ती कधी त्या आवाजात बोलली नव्हती.

"हुभं ऱ्हा. हुभं ऱ्हा. कापते. जरा कळ काढ."

विळा चालला. ओल्या काथ्यावर विळा चालल्याचा खर्र, खर्र आवाज त्या शांततेत स्पष्ट येत होता. खर्र, खर्र. मग आवाज थांबला.

ते पाखरू एक पाऊल बाजूला सरकलं. मग दुसरं. पाऊल टाकून बघत होतं.

सगुणाबाईने विळा खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि वळली. एक पाय उचलला, पुढे टाकला. दुसरा उचलेना. तिने पुन्हा ओढला. वाकून खाली पाहिलं. त्या पिकलेल्या डोळ्यांना काय दिसलं असेल ते असो, तिने मान वर केली आणि नेमकं मंगलकडे पाहिलं.

"मंगल," ती म्हणाली. मोठ्याने नाही.

त्याच क्षणी सगळ्या पाखरांनी उजवा पाय खाली टेकला. एकदम. जमिनीवर एखादं भरलेलं पोतं ठेवावं तसा आवाज झाला. आणि दीड महिन्यात पहिल्यांदा सगळी ओरडली. मंगलने कान दाबून धरले, ती खाली बसली, धूळ आणि पंख तिच्या तोंडावरून गेले, उन्हाचा उजेड गेला आणि परत आला. तिने डोळे उघडले तेव्हा करकोचे घिरट्या घेत वर चढत होते. गोल, गोल, आणखी वर.

जोत्यावर कुणी नव्हतं. दगडावर विळा पडला होता. मागच्या कोपऱ्यात हातभर जागा ओली होती, आणि ती तिच्या डोळ्यांदेखत वाळली.

७

तीन वाजता बंडू आला. पोलीस आले. माणसांनी दोर लावून गाळ चाळला, दुसऱ्या दिवशी जेसीबी आणला. काही सापडलं नाही. म्हातारी अर्धवट आंधळी, जुन्या घराच्या ओढीने उतरली, कुठेतरी मऊ गाळात रुतली, असा पंचनामा झाला. मंगलनेही तसंच सांगितलं. त्या गाळावरून जेसीबी चालत गेला होता आणि त्याचं चाक बोटभरही रुतलं नव्हतं, हे बोलायचं कुणाला सुचलं नाही.

विळा पोलिसांनी बघून परत दिला. लियाकत सरांचा फोन आला. "गेले?" त्यांनी विचारलं. "ग्येले," मंगल म्हणाली. ते आणखी काही विचारतील म्हणून ती थांबली, पण त्यांनी फोन ठेवला. दहाव्याच्या दिवशी बंडू ओक्साबोक्शी रडला. मंगलने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुरुस्ती संपली, दरवाजे बंद झाले, आणि आषाढात पाणी चढायला लागलं. वळणापलीकडून गढूळ, फेसाळ पाणी रोज थोडं पुढे यायचं. मंगल रोज सकाळी उतरायची, आकडा पाठवायची. जोत्याकडे ती पाहायची नाही, पण ते पाण्यापासून किती लांब आहे हे तिला न पाहता माहीत असायचं.

ज्या सकाळी पाणी जोत्याच्या खालच्या दगडाला टेकलं त्या सकाळी, रात्रभर डोंगरात पाऊस कोसळून, ऊन पडलं होतं. मंगल आडापाशी उभी होती.

"मंगल."

चुलीपाशी बसून हाक मारावी तसा आवाज. शांत. थोडा वैतागलेला.

"मंगल, इळा कुठं ठिवलाय? दे की आनून."

जोत्यावर काही दिसत नव्हतं. मागच्या कोपऱ्यात दगडावर एक ओला डाग होता. मंगल चढ चढून घरी गेली, वळचणीचा विळा काढला आणि परत खाली आली. पाणी आता पहिल्या थरावर होतं. तिच्यात आणि जोत्यात वीसएक पावलांचं, घोट्याएवढं पाणी होतं. ती त्यात उतरली. तीन पावलं गेली.

"आनलास?" आवाजाने विचारलं. "ये. हितं, पायापाशी."

मंगल थांबली. कापायला किती वेळ लागतो ते तिने पाहिलं होतं. कापणाऱ्याचं पुढे काय होतं तेही पाहिलं होतं. घाबरून परत फिरली असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण पाण्यातून मागे येताना तिने आपल्या हातांकडे पाहिलं. ते जराही थरथरत नव्हते.

चढावर मोबाईल वाजला. बंडू होता. मार्केट यार्डात माल उतरवत होता, मागे हमालांचा गोंगाट.

"पानी चढलं का?"

"चढतंय."

"मंगल, द्ये की गं इळा," खालून आवाज आला.

बंडूने हमालांना गप्प केलं. मग म्हणाला, "तिथं कोन हाय? आयेसारका आवाज वाटला."

"कुनी न्हाई," मंगल म्हणाली. "तुमास्नी हल्ली समदीकडं त्याच ऐकू येत्यात. जेवलासा का?"

घरी येऊन तिने कणगी झाडली, भांडी घासली, पडवी सारवली. आवाज येत राहिला. दुपारपर्यंत तो विळा मागत होता. मग नुसतं नाव घेत होता. मग नावही नाही. कुणीतरी मान उंच धरून श्वास घेतंय, एवढंच ऐकू येत होतं.

चार वाजता तेही थांबलं.

मंगलने हात धुतले आणि ताट वाढून घेतलं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिला सपाटून भूक लागली होती.